क्राइनबर्गची संथ तबकडी

१

रविवारी सकाळी चकलांब्यात चोरी उघडकीला आली आणि दुपारच्या आत मावशीचा मला बीडला फोन आला. छबूमावशी फोनवर कधी लांबण लावत नाही.

"वने, तुझ्या काकाची तबकडी गेली. अन् सटवाभावजी घरातून उठून गेले. तू ये."

"कुठली तबकडी?"

"जी द्यायची हाय ती. बेस्तरवारी ती बाई यायलीय न्यायला."

मी बीडच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. खून, मारामाऱ्या, बांधावरची डोकी फुटलेली, हे माझं रोजचं. पण तबकडी म्हटल्यावर मी हातातली फाईल मिटली, कारण त्या तबकडीची किंमत आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होती.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान सुंदरराव, तरुणपणी साखर कारखान्यात इंजिनिअर होते. कारखान्यानं त्यांना यंत्रं शिकायला पूर्व जर्मनीत धाडलं होतं. तिथल्या लहानशा गावात एक वाद्यवृंद होता, साठ-सत्तर वादकांचा, आणि त्याचा संचालक होता ओस्वाल्ड क्राइनबर्ग. कामगारांना फुकट पास मिळायचे. थंडीपासून सुटका म्हणून काका पहिल्यांदा त्या सभागृहात शिरले, आणि परत आले ते ट्रंकेत कपड्यांऐवजी तबकड्या भरून.

त्यांतल्या दोन तबकड्यांवर एकच रचना होती, ब्राम्सची चौथी सिंफनी. क्राइनबर्गनं ती एकदा तरुणपणी ध्वनिमुद्रित केली आणि एकदा म्हातारपणी. सूर तेच, वाद्यं तीच. पण तरुण क्राइनबर्ग घोड्यावर बसल्यासारखा जातो, आणि म्हातारा प्रत्येक वळणावर थांबून मागं बघतो. काकांचा जीव त्या संथ तबकडीत. त्यांचा बालमित्र सटवा धनगर, त्याचा जीव जलद तबकडीत. दर रविवारी काकांच्या ओसरीवर संगीत लागायचं आणि त्यानंतर या दोघांचं भांडण लागायचं. कारखान्यातून काका निवृत्त झाले, सटवाकाकांचा कळप पोरांच्या हाती गेला, पण भांडण तेवढं चालू राहिलं.

मागच्या वर्षी काकांच्या नातीनं, संस्कृतीनं, ओसरीवरच्या एका रविवारचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तो पार त्या जर्मन गावात पोचला. तिथं आगीत जुन्या फिती जळून गेल्या होत्या. संथ चौथीची एकही धड प्रत त्यांच्याकडं उरली नव्हती. क्राइनबर्गची जन्मशताब्दी आली होती. त्यांनी काकांना विचारलं, आणि काकांनी तबकडी भेट देण्याचा शब्द दिला. गुरुवारी वाद्यवृंदाची बाई पुण्याहून गाडीनं ती न्यायला येणार होती.

आणि आता कव्हर होतं, पण आतली तबकडी भलतीच होती.

२

मी पोचले तेव्हा काका ओसरीवर त्यांच्या वेताच्या खुर्चीत होते. समोर रेकॉर्ड प्लेअर, बाजूला तबकड्यांचं सागवानी कपाट.

"काय झालं ते सांगा," मी समोर बसून विचारलं.

"नेहमीसारखं कव्हर काढलं. तबकडी लावली. सटवा थोडा वेळ ऐकत बसला आणि हसायला लागला. म्हणाला, आज माझी लावलीस व्हय? आली म्हण अक्कल. मी म्हणालो, ही माझीच आहे. तर म्हणतो, ही तर पळतीय." काका थांबले. "आमच्या अमरनं चष्मा लावून तबकडीवरचा आकडा वाचला. जलद होती. जलदचं कव्हर बघितलं तर रिकामं."

"दोन्हींवरचे कागद सारखेच दिसतात?"

"एकाच कंपनीच्या. रंग तोच, अक्षरं तीच. फक्त आकडा वेगळा. आकडा कोण वाचतो? मी कव्हर ओळखतो."

"मग पुढं?"

"अमर म्हणाला, सटवाकाका, तुम्हाला बरं लगेच कळलं. सटवानं काठी घेतली आणि गेला." काका बोटांनी खुर्चीचा हात चोळत राहिले. "साठ वर्षांत तो असा पाठ फिरवून गेलेला मी बघितला नव्हता."

ते उठून कपाटाकडं वळले आणि रिकामं कव्हर शोधू लागले. मी विचारलं, "कपाटाला कुलूप नसतं का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं, तरी नाही. दुखावलेत, असं मला वाटलं, आणि मी विषय सोडला.

कव्हर माझ्या हातात देत ते आपणहून म्हणाले, "खरं सांगू का वने, मी ती का देत होतो? तबकड्याही म्हाताऱ्या होतात. गेलं वर्षभर तिचा आवाज मळकट झालाय. व्हायोलिनं गोधडीआडून वाजल्यासारखी येतात. मी मागंच सोमनाथला बोलावून सुई बदलून घेतली, तरी तेच. म्हटलं, पुरती झिजून जायच्या आत तिच्या घरी तरी जाऊ दे."

स्वयंपाकघरात मावशी धपाटे थापत होती. मला पुढ्यात बसवून तिनं ताट वाढलं.

"मावशी, त्या आठवड्यात घरात कोण कोण आलं होतं?"

"कोण येणार? सटवाभावजी रोज येत्यात. अमर अन् त्याची बायकू योगिता घरचीच; अमर त्या तबकडीचे फोटू काढत व्हता, पर योगिता माहेरी गेलती. मंगळवारी सोमनाथ परत आलता सुई बदलायला."

"तू घेतलीस का ती?"

मावशीनं तव्यावरचं धपाटं उलटलं. "घेतली असती तर चाळीस वरसं आधी घेतली असती. आता काय करू घेऊन?" मग आवाज खाली गेला. "आता तर ते माझ्याशी धड बोलत बी न्हाईत, वने. पाठीमागून हाक मारली तर ओ देत न्हाईत. मी बोलते अन् ते भिंतीकडं बघत्यात. दोन वरसं झाली."

"कावून?" बीडमध्ये कितीही वकिली करा, मावशीपुढं जीभ माहेरची होते.

"मी अमरला म्हणाले, इलेक्शनला उभा ऱ्हा. त्यांना ते नको होतं. तो राग धरलाय. मीही मग बोलायचं कमी केलं. भाकरी वाढायची, संपलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दुसरा गोळा हातात घेतला. बाहेर ओसरीवर काकांचा फोन वाजत होता. बराच वेळ वाजला आणि बंद पडला.

३

अमरसिंह, काकांचा मुलगा, पंचायत समितीचा सदस्य. तो मला गावाच्या कमानीपाशी सापडला, फ्लेक्स बांधून घेताना. फ्लेक्सवर काकांचा फेटा बांधलेला फोटो, त्याच्याशेजारी कुठूनतरी घेतलेलं वाद्यवृंदाचं चित्र, आणि खाली जर्मन पाहुणीचं चकलांबा नगरीत सहर्ष स्वागत.

"तू तबकडीचे फोटो काढत होतास म्हणे."

"याच्यासाठीच, वनमालाताई." त्यानं फ्लेक्सच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं खरंच तबकडी होती, चंद्राएवढी. "मला ते संगीत कळत न्हाई. पण गावात गोऱ्या लोकांनी येऊन माझ्या बापाचा सत्कार करावा, हे मला नको असेल का?"

"सटवाकाकांवर आळ का घेतलास?"

"दुसरं कोणाला जमलं असतं? दोन तबकड्या त्यांनाच ओळखू येतात. आणि ते नेहमी म्हणायचे, संथ गेली तर बरंच हाय, मग सुंदराला माझीच ऐकावी लागंल." तो जरा घुटमळला. "बोललो ते जास्तच झालं, कबूल. पण आबांचा शब्द जातोय, ताई. ते मला काही सांगत न्हाईत. मी काही म्हटलं की मान हलवतात, हो हो म्हणतात, अन् मग बरोबर त्याच्या उलट करतात. मुद्दाम. इलेक्शनपासून हे चालू हाय."

तिथून मी माळावर गेले. सटवाकाका बाभळीच्या सावलीत घोंगडी टाकून बसले होते. मोठ्या कळपाचा मालक, पागोटं अजून स्वतः बांधतो, आणि चोर म्हणवून घ्यायची सवय नाही. त्यांची बायको कडूबाई शेजारीच बसून मेंढीच्या पायातला काटा काढत होती. मला बघून त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

"वकिलीण आली," ते कडूबाईंना म्हणाले. "जबाब घ्यायला."

"जबाब न्हाई, काका. मला एकच सांगा. तुमी घेतली असती तर काय केलं असतं?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "मी घेतली असती तर तोंड उघडलं असतं का? माझीच तर लागलती. गप ऐकत बसलो असतो."

हे कोर्टात कुठल्याही न्यायाधीशानं मान्य केलं असतं. मीही केलं.

"आळ अमरनं घेतला," ते पुढं म्हणाले. "पर सुंदरा गप बसला. एक सबुद बोलला न्हाई. मला त्याचंच लागलं."

"एरवी ते तुमच्याशी कसे असतात?"

"लई गोड झालाय म्हातारपणी. आधी मी एक बोललो की दोन सुनवायचा. आता मी बोलतो, तो हासतो. भांडणातली मजाच गेली. म्हणून तर त्या दिवशी वाटलं, हारला गडी, आपणहून माझी लावली."

कडूबाईंनी काटा फेकून दिला. "सोमनाथनं शिट्ट्या वाजवल्या त्या दिवशीबी असंच हासत बसलते."

"कसल्या शिट्ट्या?"

"मागं एकदा सोमनाथ त्याचे भोंगे घेऊन आलता," सटवाकाका म्हणाले. "म्हणला तपासायचे हायत. वसरीसमोर मांडले अन् शिट्ट्या लावल्या. आधी जाड, मग बारीक, मग लई बारीक. सुंदराला म्हणला, मामा, आवाज आला की हात वर करा. माझी कुत्री पार येडी झाली, गावभर भुकत पळाली. अन् सुंदरा ऋषीवानी बसून ऱ्हायला."

"हात वर केला नाही?"

"जाड शिट्टीला केला. मग कुठला करतोय."

ते दोघं नवराबायको त्या आठवणीनं हसले. मीही हसले. गाडीकडं परत येताना मात्र माझं हसू कुठंतरी अडकलं, आणि का अडकलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

४

सोमनाथ हा काकांच्या बहिणीचा मुलगा. पाटोद्याला बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. वरातीला ट्रकवर चढवतात त्या भोंग्यांची दुकानात भिंतच उभी असते. अंगानं धिप्पाड आणि बोलणं दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जाईल असं. काका त्याला जिल्ह्याला बहिरं करणारा माणूस म्हणतात आणि दर दिवाळीला स्वतःच्या हातानं त्याच्या घरी फराळ नेऊन देतात.

सोमवारी सकाळी मी गेले तेव्हा तो लॅपटॉपसमोर कानाला हेडफोन लावून बसला होता. मला बघताच त्यानं झाकण मिटलं.

"ताई, तुम्ही? बसा. ए, चहा सांगा दोन."

"सोमनाथ, काकांची संथ तबकडी गेलीय. काल लक्षात आलं."

त्याचा चेहरा उतरला. ते ठीक होतं, कुणाचाही उतरला असता. पण त्याच्या तोंडून जो प्रश्न आला तो मी आजवर कुठल्या चोरीच्या बातमीवर ऐकला नव्हता.

"मामाला कळलं?" तो म्हणाला.

"हो. कळलं."

"कसं काय?"

मी चहाचा घोट घेतला. "तू मंगळवारी सुई बदललीस ना? तेव्हा तबकडी होती?"

"होती. म्हणजे असेल. मी कव्हर कुठं उघडून बघितलं." मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे अगदी हळू आलं. "मामा कसे आहेत? चिडलेत?"

"गप्प आहेत."

"गुरुवारच्या आत मिळेल, ताई. कुठं जातेय. सापडेल बघा घरातच."

मी उठले. पाटोद्याहून बीडकडं येताना तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसला होता. चोरी झाली म्हटल्यावर माणूस विचारतो, कुणी नेली? कधी गेली? सोमनाथनं विचारलं, मामाला कळलं? जणू तबकडी जाणं हे नवल नव्हतं, मामाला कळणं हे नवल होतं.

पण ज्या माणसानं आयुष्यभर ती चौथी ऐकली, त्याला ती बदललेली कळणार नाही, असं कुणाला का वाटावं?

मी बीडला थांबले नाही. गाडी तशीच चकलांब्याकडं घातली.

५

"काका, मला ती जलद तबकडी ऐकवा," मी म्हणाले.

त्यांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या ओसरीवर जेवले, झोपले, पत्ते खेळले, पण हे ऐकायला म्हणून कधी बसले नव्हते. त्यांनी तबकडी फडक्यानं पुसली, सुई ठेवली आणि माझ्याकडं तोंड करून बसले.

सुरुवातीला दोन दोन सुरांचे सुस्कारे आले, एक खाली, एक वर. मग सगळा वृंद उठला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण माझे खांदे सैल झाले. मधल्या एका जागी कोर्टातल्या तारखा डोक्यातून गेल्या. काकांनी तबकडी उलटली. मावशी उंबऱ्यात तांदूळ निवडायला येऊन बसली.

तिसरा भाग सुरू झाला. तो दांडगा होता, जत्रेसारखा.

"आता घंटी वाजंल बघ," मावशी मला हळूच म्हणाली. "बारीक, तिकोनी असती म्हणं ती. मला तेवढीच आवडती."

आणि वाजली. सगळ्या गोंगाटाच्या वरून, काचेसारखी लख्ख, किणकिणत. माझ्या अंगावर काटा आला. थोड्या वेळानं पुन्हा वाजली, मग पुन्हा. मी काकांकडं बघितलं. ते डोळे मिटून मान डोलावत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच काही हललं नाही.

मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले.

"काका, यात एक घंटी आहे ना? ती कधी येते?"

"येईल आता," ते म्हणाले. "नीट ऐक. अजून यायचीय."

ते बोलत असतानाच घंटी वाजत होती.

उंबऱ्यात मावशीचे हात सुपात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं, आणि तबकडी संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

६

मंगळवारी मी पुन्हा सोमनाथच्या दुकानात होते. या वेळी मी चहाला नाही म्हटलं.

"मी बोलते, तू ऐक. चूक झाली तर सांग," मी म्हणाले. "चोर तबकडी नेतो आणि पसार होतो. यानं तसं केलं नाही. त्यानं रिकाम्या कव्हरात दुसरी तबकडी घातली. म्हणजे त्याला थोडे दिवस हवे होते. म्हणजे तो ती परत ठेवणार होता. बरोबर?"

सोमनाथ टेबलावरच्या वायरी गुंडाळू लागला.

"पण जलद तबकडी लावल्यावर काकांना पहिल्या सुरांतच कळायला हवं होतं. हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी याला खात्री होती की कळणार नाही. कोणाला असते अशी खात्री? ज्याला माहीत आहे की काकांना नीट ऐकू येत नाही. मावशीला वाटतं ते रागावलेत. अमरला वाटतं ते मुद्दाम उलट करतात. सटवाकाकांना वाटतं ते गोड झालेत. तिघांनी तीन अर्थ लावले. खरं एकालाच ठाऊक होतं. ज्यानं शिट्ट्या वाजवून त्यांचे कान तपासले."

सोमनाथनं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"सुईला काही झालं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मशीनही ठीक होतं, तबकडीही. मामा म्हणाले व्हायोलिनं गोधडीआडून येतात. मी ऐकलं तर लख्ख. तेव्हाच कळलं. बारीक सूर त्यांच्यापर्यंत पोचतच न्हाईत. माझ्या धंद्यातली पोरं चाळिशीतच अशी होतात, मी बघितलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? ज्यांनी मला पहिल्यांदा ऐकायला बसवलं त्यांना सांगू, मामा, तुम्हाला ऐकू येत न्हाई?" त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ होती. "शिट्ट्यांवरून कळलं, कुठले सूर त्यांना येतात, कुठले न्हाई. म्हटलं, जे येत न्हाईत तेवढेच वर उचलायचे. बाकी तसंच. तबकडी जर्मनीला जायच्या आत मामांनी एकदा ती आधी ऐकायचे तशी ऐकावी. पुण्याच्या एका स्टुडिओत ती उतरवून घ्यायला दिलीय. शनिवारी मिळणार होती, त्यांनी उशीर केला. आज संध्याकाळच्या गाडीनं येतेय."

"आणि तोवर त्यांनी दुसरी लावली तरी कळणार नाही, असा तुझा हिशेब."

"हो. ते आता कव्हर बघतात अन् आठवणीतलीच ऐकतात. वाईट वाटत होतं, पण होता तसा हिशेब."

"कळलं त्यांना नव्हतं, सोमनाथ. सटवाकाकांना कळलं. आणि चोरीचा आळ त्यांच्यावर आला. रविवारपासून ते काकांच्या उंबऱ्याला आले नाहीत."

तो खुर्चीतून उठला.

"हे तुम्ही काल का सांगितलं न्हाई मला?"

"काल मला तू काय करतोयस ते माहीत नव्हतं."

"मी आत्ता जातो."

"जा, पण तबकडी घेऊन जा. आणि आता लपवाछपवी नको. काकांना खरं सांगावं लागेल. सटवाकाकांचं नाव दुसऱ्या कशानं धुतलं जाणार नाही."

त्यानं भोंग्यांच्या भिंतीकडं बघितलं. "सांगतो," तो म्हणाला. "पण आधी त्यांच्या समोर जाऊन उभा राहीन. मागून सांगणार न्हाई."

७

बुधवारी दुपारी सोमनाथचा टेम्पो काकांच्या दारात आला. त्यानं दोन भोंगे उतरवले, लहानातले, आणि मग तबकडी छातीशी धरून काकांच्या समोर जमिनीवर बसला. अमरसिंह होता, मावशी होती. त्यानं सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

काका ऐकत होते. त्यांची नजर सोमनाथच्या ओठांवर होती, आणि ती तिथंच असते हे आता आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

"म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं," ते म्हणाले.

"न्हाई, मामा."

"आणि तबकडी झिजली नव्हती."

"न्हाई, मामा. नवी असल्यासारखी हाय."

काकांनी तबकडी हातात घेतली, उन्हात तिरकी धरून बघितली. "मला शंका यायची," ते म्हणाले. "पण झिजायला माझ्याकडं तबकडी होती. तिच्यावर ढकलून द्यायचो." मग ते मावशीकडं वळले. "तुला ठाऊक होतं?"

मावशीनं नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "मला वाटलं, तुमी माझ्यावर रागावलात."

"मी? कशाबद्दल?"

तिनं पदरानं डोळे पुसले. सोमनाथनं घाईघाईनं भोंग्याची वायर जोडायला घेतली, तसे काका म्हणाले, "थांब. सटवा आल्याशिवाय लावायची नाही."

ते स्वतः निघाले. अमरसिंह मागोमाग गेला. पुढचं मला कडूबाईंनी सांगितलं. अमरनं सटवाकाकांचे पाय धरले आणि ते म्हणाले, ऊठ, उद्या फ्लेक्सपुढं उभं ऱ्हायचंय तुला, कापडं मळतील. काका मात्र समोर उभे राहून एवढंच म्हणाले, "सटवा, त्या दिवशी अमर काय बोलला ते मला ऐकूच आलं नव्हतं. तू गेल्यावर छबूनं सांगितलं तेव्हा कळलं." सटवाकाकांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. मग त्यांनी घोंगडी झटकली आणि मोठ्यानं, माळभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाई का बे?"

ओसरीवर सगळे बसले. सोमनाथनं लॅपटॉपवर कळ दाबली.

तेच दोन सुरांचे सुस्कारे, पण आता एकेक सुस्कारा जड होऊन उतरत होता. आम्हाला तो आवाज जरा टोकदार वाटला, कानाला टोचणारा. काकांना नाही. पहिल्या सुरांनाच त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला, बंद खोलीची एकेक खिडकी उघडावी तसा. तिसऱ्या भागात घंटी वाजली आणि त्यांचं बोट आपोआप वर गेलं. सोमनाथ भोंग्यामागं तोंड लपवून बसला होता.

संपल्यावर सटवाकाका म्हणाले, "संथच हाय. पर इतकी वाईट न्हाई."

"तुला चाळीस वर्षं हेच सांगतोय," काका म्हणाले, आणि मग ते दोघं जे भांडायला लागले ते चहा थंड झाला तरी थांबले नाहीत.

गुरुवारी पाहुणी आली. साधी, हसऱ्या चेहऱ्याची, पन्नाशीतली बाई. तिनं हातमोजे घालून तबकडी तपासली आणि ती इतकी स्वच्छ बघून तिचे डोळे भरले. झिजलेली म्हणून देणं आणि अशी लख्ख असताना देणं, यातलं अंतर मला काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण शब्द दिला होता. त्यांनी ती स्वतःच्या हातानं तिच्या पेटीत ठेवली. सटवाकाकांनी मला दुभाषी करून तिला विचारलं, तुमाला कुठली आवडती, ही का ती? ती म्हणाली, संथ. सटवाकाका मला म्हणाले, "पाव्हणीला चहा दे. तिला काय विचारायचं मी."

पुढच्या आठवड्यात मी काकांना आणि मावशीला बीडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणी झाली, यंत्र बसवलं. काका रस्त्यात उभं राहून रिक्षांचे भोंगे ऐकत होते आणि तोंड वाकडं करत होते. मग मी त्यांना गाडीत घेतलं. काका पुढं माझ्याशेजारी, मावशी मागं.

शहर संपल्यावर मागून अगदी हळू आवाज आला. "ऐकू येतंय का?"

"येतंय," काका समोर रस्त्याकडं बघत म्हणाले. "दोन वर्षांत काय काय म्हणालीस ते सांग आता."

मावशी सीटवर पुढं सरकली. मग तिनं सुरुवात केली. गेवराई मागं पडली तरी ती अजून पहिल्याच वर्षात होती, आणि काका मधेमधे म्हणत होते, "मग? पुढं?"